तळ्याच्या तळाशी गोणपाट

तळ्यावर भाड्यानं नावा देणाऱ्या बाईला सगळं गाव ताई म्हणायचं. मुळात ती एकट्या बारक्याची ताई. बारक्या तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तो दिवसभर धक्क्यावर "ताई, ताई" करत तिच्या मागेमागे फिरायचा. ती हाक आधी गिऱ्हाइकांच्या तोंडी बसली, मग दुकानदारांच्या, आणि शेवटी तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा तिला ताईच म्हणू लागली. बारक्या पुढे दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच झाला, आडवाही त्याच मापात झाला, पण त्याचं नाव काही वाढलं नाही.

वडील गेल्यावर नावांची शेड ताईकडे आली. पत्र्याच्या छपराची लांबट खोली; एका भिंतीला वल्ही उभी करून ठेवलेली, समोरच्या भिंतीवर तरंगती जाकिटं टांगलेली, आणि मधे कायम एखादी नाव पालथी घालून तिच्या बुडाला डांबर लावणं चाललेलं. डांबराचा आणि ओल्या दोरांचा वास घरी गेल्यावरही कपड्यांतून यायचा. मी वल्हवायला तिच्याकडेच शिकलो. तिची शिकवायची पद्धत सरळ होती. मुलाला नावेत बसवायचं, वल्ही हातात द्यायची आणि धक्क्यावरून ओरडायचं, "अरे, पाणी ढवळायला नाही बसवलंय तुला, पुढे जायला बसवलंय!"

थांबणं तिला माहीत नव्हतं. चहा निवायचीसुद्धा वाट बघायची नाही, दर वेळी जीभ भाजून घ्यायची. नवरा नेमका उलटा मिळाला. तो शिंपी. नावांवरची आच्छादनं, ताडपत्र्या, जाकिटं शिवायचा. एक टाका मनासारखा पडला नाही तर अख्खी शिवण उसवून पुन्हा बसायचा. "यांच्याकडे शर्ट टाकला की माणूस बारीक होतो, म्हातारा होतो, पण शर्ट तयार होत नाही," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि तो सुई तोंडात धरून हसायचा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. शाळेची मुलं धक्क्यावर असली की ताईचा आवाज नेहमीपेक्षा मोठा असायचा, एवढंच.

बारक्या पाणीखात्यात लागला होता. खात्याच्या ताब्यातल्या तलावांत माजलेली पाणवनस्पती कापायचं यंत्र तो चालवायचा. ते यंत्र म्हणजे पत्र्याचा बसका तराफाच. दोन्ही अंगांना चाकं, पुढे पाण्याखाली उतरणारी दातेरी पाती, आणि कापलेलं वर ओढून घेणारा सरकता पट्टा. एका तलावातलं काम संपलं की ते ट्रेलरवर चढवायचं आणि पुढच्या तलावावर न्यायचं. बारक्याचा त्याच्यावर फार जीव. खात्यात त्याच्यामागे त्याची टिंगल व्हायची की घरी बायकोला कधी विचारत नसेल इतक्या वेळा हा यंत्राला "बरी आहेस ना?" म्हणून विचारतो.

डोंगरापलीकडच्या धरणात त्याला सगळ्यात जास्त काम असायचं. तिथे एक परकी वनस्पती शिरली होती. लांब दोरीसारखा देठ आणि त्याभोवती दाट, वळलेली पानं. पाण्याबाहेर काढली की एखाद्या जनावराची शेपटी हातात धरल्यासारखी दिसायची. खात्यातली माणसं तिला शेपटीच म्हणायची. ती आली कशी, याची खातं जी हकीकत सांगत होतं ती अगदी साधी होती. कुणीतरी घर बदलताना शोभेच्या माशांची काचेची पेटी धरणात रिकामी केली. मासे मेले असतील. पेटीत सजावटीला लावलेली शेपटी मात्र जगली. ती समुद्रापलीकडून, दुसऱ्या खंडातून, दुकानात विकायला आलेली. तिच्या मूळ मुलखात तिला कुरतडणारे किडे होते, तिला आवर घालणारं बरंच काही होतं. इथे तिला कुणी ओळखतच नव्हतं, त्यामुळे कुणी खातही नव्हतं. आणि तिचा बोटभर तुकडा तुटला तरी त्या तुकड्याला मुळं फुटायची. नावेच्या पंख्याला अडकून, मासे धरायच्या जाळ्यातून, ट्रेलरच्या खोबणीतून असे तुकडे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जात होते. म्हणून खात्याचा नियम होता: धरणातून बाहेर काढलेलं यंत्र गरम पाण्याच्या झोतानं धुवायचं, आणि अडकून राहिलेली पानं चुरचुरीत होईपर्यंत उन्हात वाळू द्यायचं. मगच दुसरीकडे न्यायचं.

ताई दर वर्षी शाळेच्या मुलांची नावांची शर्यत घ्यायची. त्या वर्षी धक्क्यासमोर इथलीच बोरूसारखी गवतं आणि रुंद पानांच्या वेली इतक्या माजल्या की नाव पुढे सरकेना. तिनं बारक्याला फोन लावला.

"ताई, यंत्र कालच धरणातून काढलंय. धुवायचंय, वाळायचंय. पुढच्या आठवड्यात आणतो."

"पुढच्या आठवड्यात आणून काय धक्क्यावर शोभेला ठेवू? शर्यत रविवारी आहे."

"ओलं यंत्र दुसऱ्या पाण्यात घालता येत नाही गं."

"यंत्र आहे की वाळत घातलेली चादर? पुसून आण. मुलं रोज येऊन विचारतायत. बारक्या, माझ्यासाठी एवढं कर."

आई लवकर गेली, तेव्हापासून बारक्याला या बाईनं वाढवलं होतं. तिनं तोवर त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यानं साहेबांकडून फेरीची परवानगी घेतली, वाळवायची गोष्ट काढली नाही. साध्या नळीनं यंत्र धुतलं, डोळ्यांना दिसली तेवढी शेपटी हातानं उपटून काढली आणि ट्रेलर घेऊन तो आला. दुपारपर्यंत धक्क्यासमोरचं पाणी मोकळं झालं. रविवारी शर्यत झाली. दोन नावा एकमेकींवर आदळल्या, एक मुलगा पाण्यात पडला आणि तरी पोहत पहिला आला म्हणून भांडायला लागला. ताई हसून हसून धक्क्यावर खाली बसली. तिला तसं हसताना नंतर मी फार वेळा पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला धक्क्याच्या खांबाजवळ तिला एक नवीन झुडूप दिसलं. पाण्याखाली हिरवंगार, झुपकेदार. तिला ते आवडलं. एक डहाळी तोडून तिनं बरणीतल्या पाण्यात घातली आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. आठवड्याभरात डहाळीला पांढरी मुळं सुटली. शिंप्यानं बरणी उचलून उजेडात धरली. "तुझ्यासारखीच आहे ही," तो म्हणाला. "बस म्हणायच्या आधीच बसली."

त्याच आठवड्यात बारक्या घरी आला. वाकून आत शिरला, खुर्चीवर बसला, आणि त्याची नजर खिडकीकडे गेली.

"ताई, हे कुठलं?"

"आपल्याच तळ्यातलं. छान आहे ना? धक्क्यापाशी आलंय."

तो उठून बाहेर गेला. ताई त्याच्या मागे धक्क्यावर पोचली तेव्हा तो फळ्यांवर पालथा पडून, दंडापर्यंत हात पाण्यात घालून चाचपत होता. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत शेपटी होती.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"खांबांपासून पार तिकडे बोरूपर्यंत." तो उठून बसला. शर्ट छातीवर ओला झाला होता. "ताई, ही धरणातली आहे. यंत्राबरोबर आली. मी आणली."

घरी येऊन तिनं बरणीतली डहाळी चुलीत घातली. ओली असल्यामुळे ती पेटेना, नुसती धुमसत राहिली. आपण फोनवर काय काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवलं. हे तिनं मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. बारक्यासमोर मात्र ती त्या वेळी गप्प राहिली.

बारक्यानं खात्यात जाऊन स्वतःच कळवलं. चौकशीत त्यानं सांगितलं की घाई माझी होती, वाळवलं नाही ती चूकही माझीच. कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारल्यावर कुणाच्याच नाही म्हणाला. त्याला यंत्रावरून काढून पंपघरात टाकलं. आता दिवसभर चार भिंतींच्या आत, घरघरणाऱ्या मोटारींजवळ बसून काट्यांवर नजर ठेवायची. ताईला ही बातमी त्याच्या बायकोकडून कळली. "निदान नोकरी तरी राहिली," भावजय म्हणाली. ताईनं "हो ना" म्हटलं. नावांचा परवाना खात्याकडूनच मिळायचा, आणि तो जाईल या धाकानं तिनं तोंड उघडलं नाही. शिंप्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं एकदाच विचारलं, "सांगणार नाहीस?" ती म्हणाली, "सांगून काय यंत्र मिळणार आहे त्याला?" त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

शेपटी पसरत गेली. दुसऱ्या वर्षी तिनं दक्षिणेचा किनारा धरला, तिसऱ्या वर्षी उत्तरेला तळ्याचं पाणी जमिनीत चिंचोळं आत शिरतं त्या खाडीच्या तोंडाशी पोचली. पाण्याच्या पृष्ठभागावर तिची जाड गादी झाली. खाली ऊन पोचेना, तिथलं जुनं गवत मेलं. पाण्याला कुजका वास यायला लागला, मासे धरणारे दुसरीकडे गेले. वल्ह्यांना शेपटीचे वेढे बसायचे. गिऱ्हाईक अर्ध्या वाटेतून परत येऊन भाडं देताना तोंड वाकडं करायचं. शाळेनं शर्यत बंद केली.

ताई रोज सकाळी नाव काढायची आणि हातानं शेपटी उपटायची. खात्यातून वनस्पती बघायला एक तरुण बाई यायच्या. पाण्यात बुडी मारून खालचं निरखायच्या, म्हणून गावानं त्यांचं नाव पाणबाई ठेवलं होतं. त्यांनी ताईचं उपटणं बघितलं आणि तिला थांबवलं.

"ताई, तुम्ही ओढताय आणि ती तुटतेय. मुळं खालीच राहतात. वरचे तुकडे वाहून जातात आणि नवीन ठिकाणी रुजतात."

"मग इतके दिवस मी काय करत होते?"

पाणबाईंना खोटं बोलता आलं नाही. "थोडी पसरवतच होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी नावेतून वाकून, बोटं चिखलात खुपसून, मुळासकट झुडूप कसं सोडवायचं आणि लगेच जाळीच्या पिशवीत कसं टाकायचं ते दाखवलं. ताईनं ते शिकून घेतलं. पण एवढ्या मोठ्या पाण्यात ते म्हणजे विहीर चमच्यानं उपसण्यासारखं होतं.

शेवटी गावानं शाळेच्या सभागृहात सभा बोलावली. पाणबाई आल्या होत्या, खात्याचे एक अधिकारी होते, मीही होतो. पंपघरातली पाळी संपवून बारक्या आला होता आणि दाराजवळ उभा होता. तळ्याकाठी ज्याची खानावळ होती तो उठला. "एवढा काथ्याकूट कशाला? कापायचं यंत्र आहे ना खात्याकडे? आणा. दोन दिवसांत पाणी मोकळं. गिऱ्हाईक परत येईल." सगळीकडून माना हलल्या. पाणबाईंनी समजावलं की कापलं की लाखो तुकडे होतील, पट्टा सगळे उचलत नाही, उत्तरेची खाडी अजून बरीचशी स्वच्छ आहे, तीही जाईल. खानावळवाला म्हणाला, "बाई, तुमचा पगार तळ्यावर चालत नाही. आमचं पोट चालतं. ताईला विचारा. तिच्याइतकं नुकसान कुणाचं झालंय? ताई, तू सांग."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती उठली. लोकांना वाटलं, आता ही यंत्र आणा म्हणणार.

"यंत्र नको," ती म्हणाली. "शेपटी यंत्राबरोबरच आली. आणि यंत्र मी बोलावलं होतं. बारक्या नाही म्हणत होता. ओलं आहे, वाळू दे म्हणत होता. मी त्याला माझ्यासाठी म्हणून गळ घातली. त्यानं खात्यात माझं नाव घेतलं नाही, आणि मीही पुढे येऊन सांगितलं नाही. आता तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. पण यंत्र पुन्हा आणू नका."

कुणीतरी मागून बोललं, "इतकी वर्षं गप्प बसलीस?" खानावळवाला खाली बसला. तो नंतर तिच्याशी कधीच बोलला नाही. रस्त्यात दिसली की पलीकडच्या कडेनं जायचा. अधिकाऱ्यांनी परवाना काढून घेतला नाही. चौकशी मिटलेली आहे, ती पुन्हा उघडता येणार नाही, असं म्हणाले. म्हणजे बारक्यालाही यंत्र परत मिळणार नव्हतं. मात्र गावानं यंत्राचा हट्ट सोडला.

बाहेर अंगणात बारक्यानं तिला गाठलं. तो खूश झाला असेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही. म्हणून तर सांगितलं."

"सगळं मिटलं होतं, ताई. मी साहेबांसमोर उभं राहून सांगितलं होतं, घाई माझी. आता मी खोटा पडलो. आणि बहिणीनं डोळे वटारले की नियम मोडणारा ठरलो, ते वेगळंच."

"तुझ्यावरचा आळ काढला मी."

"मी काढ म्हटलं होतं का?" त्याचा आवाज चिरकला. "तू मला खाऊ घातलंस, शाळेत घातलंस, सगळं तूच केलंस. आयुष्यात एक गोष्ट मी तुझ्यासाठी केली होती. ती पण तू माझ्याकडे राहू दिली नाहीस."

तो सायकलवर बसून निघून गेला. त्यानंतर त्यानं येणं सोडलं. ताई फोन करायची, भावजय उचलायची आणि "ते अंघोळीला गेलेत" म्हणायची. बारक्याला इतक्या अंघोळी करताना कुणी पाहिलं नव्हतं. काही दिवसांनी ताईनं फोन करणं थांबवलं.

सभेनंतरच्या हिवाळ्यात पाणबाईंनी एक नवीन उपाय काढला. दुसऱ्या एका देशात तो करून बघितला होता म्हणे. तळ्याच्या बुडाशी तागाचं गोणपाट अंथरायचं. खाली उजेड बंद झाला की शेपटी मरते. इथल्या जुन्या गवतांची कोंबं मात्र बारीक असतात, ती गोणपाटाच्या विणीतून वर येऊ शकतात. काही वर्षांत गोणपाट आपोआप कुजून जातं, मागे कचरा राहत नाही. गोणपाट गुंडाळ्यांमध्ये यायचं, हातभर रुंदीचं. तळाशी टाकायला त्याच्या मोठाल्या चटया शिवायला हव्या होत्या, आणि शिवण जरा जरी फाकली तरी शेपटी त्या फटीतून डोकं काढणार होती.

"फाकणार नाही," शिंपी म्हणाला. एवढंच.

शेडमधल्या नावा बाहेर काढून त्यानं जमिनीवर गोणपाट पसरलं आणि गुडघ्यांवर बसून शिवायला घेतलं. दाभण, मेणकट दोरा, दुहेरी दुमड. कडेला खिसे, त्यात दगड. पहिल्यांदाच ताईनं त्याला घाई केली नाही. ती दोरा ओवून द्यायची, दगड निवडायची आणि बाजूला बसून राहायची. तागाची धूळ त्याच्या छातीत जायची, तो खोकायचा; ती खिडकी उघडायची, थंडी आत यायची, तो खिडकी लावायला सांगायचा. असा सगळा हिवाळा गेला.

पहिली चटई टाकायला ती दोघं आणि पाणबाई गेली. कोरडं गोणपाट हलकं, पण भिजलं की दगडासारखं. मधेच वारा सुटला. चटईचं एक टोक फुगलं, नाव कलंडली आणि ताई चटईखाली पाण्यात गेली. पाणबाईंनी बुडी मारून तिला बाहेर ओढलं. शेपटी तिच्या पायांना, मनगटांना गुंडाळलेली होती. काठावर आणल्यावर ती बराच वेळ ओकत होती. बोलता आल्यावर म्हणाली, "उद्या वारा नसेल तेव्हा जाऊ."

शिंप्यानं आयुष्यात स्वतःहून कुणाला फोन केला नव्हता. त्या संध्याकाळी त्यानं बारक्याच्या घरी लावला. भावजयीला म्हणाला, "अंघोळीतून बाहेर काढ त्याला."

बारक्या आला फोनवर. "काय झालं, भावोजी?"

"तुझी बहीण पाण्यात पडली. वाचली. उद्या परत जाणार आहे. माझं ती ऐकत नाही, आणि माझ्यात जोर नाही. बघ तुला काय वाटतं."

सकाळी ताई धक्क्यावर आली तेव्हा बारक्या नावेत बसून दोर तपासत होता. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"म्हणून पडलीस." त्यानं गाठ सोडून नवी मारली. "एका नावेतून हे काम होणार नाही. दोन नावा जोडून मधे फळ्या टाकायच्या. यंत्राचा पट्टा जसा सुटतो तशी चटई मागून सोडायची, हळूहळू. तू वल्हव. सरळ वल्हव."

"मला शिकवतोस?"

"कुणीतरी शिकवायला हवंच होतं," तो म्हणाला. सभेचा विषय दोघांनीही काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. सुट्टीच्या दिवशी तो यायला लागला, आणि निवृत्त झाल्यावर रोज.

खाडीचं तोंड झाकायला दोन उन्हाळे लागले. शिंप्याचा खोकला मधल्या हिवाळ्यात वाढला, आणि नवीन उन्हाची ऊब अंगाला लागायच्या आधी तो गेला. शेवटचे दिवस तो अंथरुणावर बसून शिवायचा. ताई म्हणायची, "अहो, राहू दे आता." तो म्हणायचा, "अगं, ही एवढी बाजू." त्याच्यामागे शिवायचं काम बारक्यावर आलं. त्याच्या जाड बोटांत दाभण दिसतही नसे, आणि त्याचे टाके बघून ताई तोंड फिरवायची. रात्रभर रडून सुजलेल्या डोळ्यांनीही तिनं एकदा त्याची अख्खी शिवण उसवायला लावली. त्यानं मुकाट्यानं उसवली.

तळं पूर्वीसारखं झालं नाही. मधलं पाणी अजूनही शेपटीचंच आहे. ताईनं बऱ्याचशा नावा विकून टाकल्या. घेणाऱ्याला प्रत्येक नाव उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवल्याशिवाय नेऊ दिली नाही. त्यावरून एकाशी चांगली जुंपली होती. मासे धरणारे सगळे परतले नाहीत. खाडी तेवढी वाचली, आणि धक्क्यासमोरचा पट्टा हळूहळू मोकळा होत गेला.

ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. तळाला काच बसवलेली पेटी पाण्यावर धरून खाली बघायचं काम आता बारक्या करायचा. एका दुपारी मी त्यांच्याबरोबर नावेत होतो. आम्ही पहिल्या चटईच्या वर थांबलो. बारक्या पेटीत तोंड घालून बराच वेळ वाकून राहिला.

"काय दिसतंय?" ताई म्हणाली.

"गोणपाट विरायला लागलंय. काळं पडलंय."

"आणि?"

"हिरवं आहे काहीतरी. विणीतून आलंय. वीतभर."

ताईनं वल्ही आत घेतली. "शेपटी?"

"नीट कळत नाही."

त्यानं शर्ट काढला आणि त्या वयात, त्या देहानं, पाण्यात उडी घेतली. नाव इतकी हलली की मी दोन्ही कडा घट्ट धरल्या. तो वर आला तेव्हा धापा टाकत होता. नावेच्या कडेला लोंबकळत त्यानं मूठ उघडून ताईच्या तळहातावर बारीकसं काहीतरी ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, दिसेना. मग बोटांत चुरडलं. ते खरखरीत होतं, करकर वाजलं, आणि लसणीसारखा उग्र वास नावेत पसरला. तळ्याच्या बुडाशी पूर्वी याच गवताचा गालिचा असायचा. दोघं लहान असताना बुडी मारून ते वर आणायची, एकमेकांच्या नाकाला चोळायची, आणि घरी अंगाला वास येतो म्हणून बोलणी खायची, असं तिनं सांगितलं.

ताई ते हातात धरून बसली. बारक्या वर चढायचा प्रयत्न करत होता, त्याला जमत नव्हतं, मी दंडाला धरून ओढत होतो. "आपलंच आहे," ती म्हणाली. बारक्यानं नावेत येऊन अंग पुसलं. थोड्या वेळानं ताईनं ते गवत पुन्हा पाण्यात सोडलं आणि वल्ही खाली घातली. खाडीच्या पलीकडच्या कोपऱ्यात अजून दोन चटया टाकायच्या होत्या, आणि संध्याकाळी वारा सुटेल असं बारक्या म्हणत होता.